निवडुंगामुळे झालेले व्याही

जगातल्या कुठल्याही दोन गोष्टी स्वच्छ कापून एकमेकींवर नीट दाबून धरल्या, की त्या सुखाने एकत्र नांदतात, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. आमच्या लग्नात ते मला टोपी घालून पंगतीत जिलबी वाढताना दिसले होते आणि चारचौघांसारखे साधे गृहस्थ वाटले होते. गोदीत टॅली क्लार्क होते. जहाजातून उतरणारी पोती मोजण्यात त्यांची हयात गेली. पण निवृत्त झाल्यावर ते आणि मामी माझगावची खोली सोडून, म्हणजे सोडून नव्हे, कुलूप लावून, वाशीला आमच्याच बिल्डिंगमध्ये आमच्या बरोबर डोक्यावर राहायला आले आणि तिथे त्यांना रंगीत निवडुंगांचा नाद लागला. पुढचं सगळं मी अगदी जवळून पाहिलं. जवळून पाहिलं म्हणजे समजतं, अशी तोवर माझी कल्पना होती.

हे निवडुंग तुम्हीही पाहिले असतील. खाली हिरवागार, तीन धारांचा दांडा आणि त्याच्या डोक्यावर लाल, पिवळा किंवा शेंदरी गोळा, एखाद्या पोराने चेंडू ठेवून विसरून जावं तसा. मला तर पहिल्यांदा तो प्लास्टिकचाच वाटला होता. मामांनी मला समोर बसवून समजावलं की ही दोन वेगळी झाडं आहेत. वरच्या रंगीत गोळ्यात हिरवा अंश नसतो, त्यामुळे त्याला स्वतःचं अन्न करता येत नाही. नुसता मातीत लावला तर उपाशी मरतो. म्हणून त्याचं हिरव्या निवडुंगावर कलम करायचं. खालच्याला म्हणायचं खुंट. खुंटाने मुळं धरायची, खायचं-प्यायचं आणि वरच्याला पोसायचं. मग गोळ्याला बाजूने बारीक बारीक पिल्लं फुटतात, ती काढून पुन्हा नव्या खुंटांवर बसवायची. "पण मामा, यातून खुंटाला काय मिळतं?" मी विचारलं. मामा म्हणाले, "जावईबापू, तुमचं लग्न झालंय ना?" हे माझ्या प्रश्नाचं उत्तर होतं की भाचीची बाजू घेऊन मला मारलेला टोला होता, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

या नादापायी मामांच्या खिशात चष्मा सुटा असे आणि चष्म्याच्या घरात दाढीचं पातं, स्पिरिटचा बोळा आणि भुवया कोरायचा एक चिमटा असे. डाव्या मनगटापासून कोपरापर्यंत रबरबँड. मिठाईच्या खोक्याचे, औषधाच्या पुड्यांचे, शेजारच्या मुलींनी वेणीतून टाकून दिलेले. कलम केल्यावर गोळा खुंटावर दाबून धरायला लागतात म्हणून ही जमवाजमव. एकदा बँकेत पेन्शन घेताना त्यांनी कॅशियरसमोरच्या बंडलाचा रबरबँड इतक्या सहज काढून हातात चढवला, की नोटा पसरल्या आणि मागच्या रांगेतला मी मामांना ओळखत नाही असा चेहरा करून भिंतीवरचं कॅलेंडर वाचत उभा राहिलो. माणसांच्याही त्यांनी दोनच जाती केल्या होत्या, खुंट आणि गोळे. आमचे सोसायटीचे सेक्रेटरी खुंट, मी गोळा. का, ते विचारायचं नाही. सेक्रेटरींच्या नातीच्या बारशाला पाळण्यात वाकून बघत मामा म्हणाले, "रंग छान आहे. खुंट कोणाचा?" त्यानंतर सेक्रेटरींची सून मामी एकट्या असतील तरच वर जायची.

त्या काळात वाशीतल्या बिल्डिंगी एकाच साच्यातून काढल्यासारख्या होत्या. तोच पिवळट रंग, तसाच जिना, तसंच हिरवं ग्रिल. मामा संध्याकाळी खाडीकडे फिरायला जात आणि परतताना हमखास दुसऱ्याच बिल्डिंगमध्ये शिरत. वर चढायचं, दार उघडं असलं तर आत जाऊन खुर्चीत बसायचं आणि "चहा टाक गं" म्हणायचं. एका घरात तर बाईंनी खरोखर चहा टाकला, कारण त्यांना वाटलं हे सासूबाईंच्या माहेरचे कुणीतरी. चहा पिऊन झाल्यावर मामांच्या लक्षात आलं. पण ते अजिबात ओशाळले नाहीत. उलट घरी येऊन सांगू लागले की त्या गॅलरीत एक झकास तीनधारी उभा आहे. विसराळूपणा म्हणून आम्ही हसायचो. त्यात आणखी काही असेल असं तेव्हा मनातही आलं नाही.

एकदा ऑफिसातून येताना मला त्यांनी जिन्यात गाठलं आणि हलक्या आवाजात म्हणाले, "जावईबापू, एक टेन्शन आहे. हिचं इथं मन लागत नाहीये." मला धक्काच बसला. मामी मुळात कमी बोलणाऱ्या, राजापूरकडच्या. कामाला वाघ, चेहऱ्यावर कसली रेषा उमटू द्यायच्या नाहीत. "माझगावात दार उघडं टाकलं की अख्खा मजला आत यायचा. इथं सगळे दारं लावून बसतात. ही बिचारी कुणाशी बोलणार? मालकाचा निरोप आलाय. खोली द्यायची की ठेवायची, ते पुढच्या दसऱ्यापर्यंत कळवा. तोवर हिला इथं माणसं मिळाली तर ठीक, नाहीतर आम्ही परत जाणार. भाचीला सांगू नका, रडेल." असं म्हणून त्यांनी मनगटावरचा एक रबरबँड ताणून सोडला. मला खरंच वाईट वाटलं. मामा-मामी वर आल्यापासून आमच्या घराला वडीलधारं छप्पर आलं होतं, आणि ते जाणार या कल्पनेने मला त्या रात्री जेवण गेलं नाही. मी विचारलं, "मग काय करायचं?" मामा म्हणाले, "करायचं काय? सोयरीक जुळवायची."

हे उत्तर मला समजलं नाही हे ओघानेच आलं. पुढच्या रविवारी मामा कोट-टोपी घालून, हातात नारळ आणि पेढे घेऊन आमच्या दारात उभे. "चला, तुम्ही मुलीकडचे." कुठली मुलगी? आमच्या हिच्या वाढदिवसाला मामांनी लाल गोळ्याचा एक निवडुंग भेट दिला होता, त्याला पिल्लं फुटली होती. त्यातलं सगळ्यांत टपोरं पिल्लू म्हणजे माझी मुलगी. तळमजल्यावर साताऱ्याकडचे एक मुकादम राहत होते, कांदा-बटाटा मार्केटात माथाड्यांच्या टोळीचे. त्यांच्या मंडळींनी दृष्ट लागू नये म्हणून दारातल्या तेलाच्या डब्यात तीनधारी निवडुंग लावला होता. तो मुलगा. कोट, टोपी आणि नारळ बघून मुकादमांच्या घरात जी धांदल उडाली ती विचारू नका. त्यांचा थोरला नुकताच नोकरीला लागला होता. त्याला मागच्या दाराने शर्ट बदलायला पाठवलं गेलं, सतरंजी अंथरली गेली आणि कांदेपोह्यांची फोडणी पडली. मामांनी पोहे खाल्ले, वर पाणी घेतलं आणि शांतपणे डब्याकडे बोट दाखवलं. मुकादम आडदांड माणूस. मला वाटलं आता आम्हाला उचलून गटारापलीकडे फेकणार. पण ते पोट धरधरून हसले आणि म्हणाले, "आवं मामा, मागनी घालायला आलाय म्हंजे मान तुमचा. पोरगं आमचं काटेरी हाय, पन निर्व्यसनी हाय बगा!"

लग्न मार्गशीर्षात झालं, मामांच्या गॅलरीत. मामांनी बिल्डिंगमधल्या झाडून सगळ्यांना बोलावलं होतं. एरवी जिन्यात एकमेकांना नुसती मान हलवणारी माणसं ठेवणीतले कपडे घालून वर आली. नवरीच्या आईचा मामा या नात्याने मुलीला बोहल्यावर आपणच आणणार असा मामांचा आग्रह होता, पण भटजीही तेच होते, त्यामुळे ते सारखे आत-बाहेर करत होते. आंतरपाटाला माझा रुमाल. अक्षतांना सक्त मनाई, कारण तांदूळ कापल्या जागेवर पडला तर ती कुजते. पंखा बंद, शिंकायचं नाही. मामांनी खुंटाचा शेंडा सपाट कापला, कडेच्या धारा उतरत्या तासल्या आणि आम्हाला आतली बांगडीसारखी बारीक गोल रेघ दाखवली. गोळ्याच्या बुडालाही तशीच रेघ. "ह्या दोन रेघा एकमेकींना टेकल्या पाहिजेत. बाहेरून कितीही जुळवा, आत टेकलं नाही तर फुकट," असं म्हणून त्यांनी चिमट्याने पिल्लू वर ठेवलं, डब्याखालून रबरबँड घेतले आणि "सावधान!" म्हणून ओरडले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मुकादमांच्या मंडळींनी डोळ्यांना पदर लावला आणि माझ्याकडे बघितलं. वधूपित्याने अशा वेळी रडायचं असतं. मला रडू येईना, हसताही येईना, म्हणून मी पंखा लावला आणि मामांकडून बोलणी खाल्ली.

कलम धरलं आणि नवरी रीतसर सासरी, म्हणजे तळमजल्यावर गेली. यानंतर जे सुरू झालं त्याचा हिशोब मला कधीच लागला नाही. मुकादम मला जिन्यात "रामराम व्याही" म्हणू लागले. आमच्याकडे कांदे विकत आणणं बंद झालं, पोतंच यायचं. मग मामांनी आमच्या दुसऱ्या पिल्लाचं सेक्रेटरींच्या खुंटावर लग्न लावलं, मुकादमांच्या डब्यातला एक दांडा चौथ्या मजल्यावर घरजावई म्हणून धाडला, आणि वर्ष उलटायच्या आत अख्खी बिल्डिंग एकमेकांची सोयरी झाली. एके दिवशी सेक्रेटरींनी मेंटेनन्स थकल्याबद्दल मला टोकलं आणि लगेच जीभ चावून म्हणाले, "माफ करा, मुलाकडच्यांनी असं बोलू नये." मी कागदावर नाती मांडून पाहिली, तर एका बाजूने मी स्वतःचाच चुलत व्याही निघत होतो. मी कागद टाकून दिला.

संक्रांतीला तर कहर झाला. नव्या सुनेची पहिली संक्रांत म्हणून मुकादमांच्या मंडळींना तिला हलव्याचे दागिने घालायचे होते. हलवा करायला त्यांना येत नव्हता. मामींना येतो असं कुठून तरी कळलं, म्हणून त्या वर आल्या आणि म्हणाल्या, "इहीणबाई, मला शिकवा." मंद शेगडीवर परात ठेवून, तिळावर थेंब थेंब पाक घालत, बोटांनी हलवत बसायचं, तेव्हा कुठे त्याला काटा येतो. चार दुपारी मामींच्या स्वयंपाकघरात बायकांची गर्दी उसळली होती. पुढे त्या निवडुंगाला हलव्याचा हार, बिंदी आणि मुकुट चढला, आणि दुसऱ्या दिवशी साखरेच्या वासाने मुंग्यांची रांग डब्यापासून थेट गोळ्यापर्यंत लागली. मामा धोतराचा सोगा धरून जिना उतरले ते "अहो, सुनेला छळताय काय!" असं ओरडतच. मामी वरून कठड्याला धरून उभ्या होत्या आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवून सेक्रेटरींची सून खो-खो हसत होती. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, आणि तरीही संध्याकाळी मामा "हिचं अजून मन लागत नाहीये हो" म्हणाले तेव्हा मी गंभीरपणे मान हलवली.

घात पावसाने केला. श्रावणात खाडीकडून दमट वारा सुटला, भिंतींना ओल आली, आणि एका सकाळी मुकादम टॉवेलखाली डबा झाकून वर आले. डोकं उघडं, नजर खाली. "मामा, आमच्या पोराचं काय खरं न्हाई." टॉवेल काढला. खुंट बुडापासून पिवळा पडून मऊ झाला होता, बोट लावलं तर आत जात होतं. वरचा लाल गोळा अजून टवटवीत होता, त्याला काहीच ठाऊक नसल्यासारखा. मामांनी चष्म्याचं घर उघडलं, पातं काढलं, खुंटाजवळ नेलं आणि मागे घेतलं. गोदीत तीस वर्षं काढलेला माणूस, पण त्यांना कापवेना. मला बाजूला घेऊन कुजबुजले, "दसरा तोंडावर आलाय. हे पहिलंच लग्न मोडलं तर सगळं विस्कटेल. हिला कळता कामा नये." मामी त्यांच्या मागेच उभ्या होत्या.

मामींनी हात पुसले, मामांच्या हातातलं पातं घेतलं, स्पिरिटचा बोळा फिरवला आणि गोळा खुंटापासून सपकन् वेगळा केला. मग त्याच्या बुडाची चकती कापली, बघितली, तांबूस डाग दिसला म्हणून आणखी एक पातळ चकती उतरवली. आतला भाग स्वच्छ निघाला. "दुसरा खुंट आणा," त्या मुकादमांना म्हणाल्या. मुकादम घुटमळले. "धाकला भाऊ हाय की खाली दुसऱ्या डब्यात, निरोगी हाय. पन दिरासंगं लावायचं म्हंजे, मुलीकडच्यांचं काय म्हननं?" सगळे माझ्याकडे बघू लागले. खरोखर माझं काय म्हणणं होतं? आमच्या हिने बाजूने मत दिलं, मामा शास्त्र आठवू लागले. मामी म्हणाल्या, "निवडुंग आहे तो. आणा लवकर, सुकेल." इतक्या महिन्यांत त्याला निवडुंग म्हणणारं हे पहिलं माणूस. धाकटा आला. मामींनी तासलं, रेघेवर रेघ टेकवली, मामांच्या मनगटावरून न विचारता दोन रबरबँड ओढून काढले आणि बांधून मोकळ्या झाल्या. "तुला कधी आलं हे?" मामांनी विचारलं. "रोज बघतेच आहे," मामी म्हणाल्या, आणि पातं पुसता पुसता त्याच आवाजात, "आणि ते माझगावचंही कळवून टाका मालकाला. उगीच लटकत ठेवलंय. देऊन टाका म्हणावं खोली."

"अगं पण, तुझं मन..." मामा म्हणाले.

"माझ्या मनाला काय झालंय?"

मुकादम डबा उचलून हळूच खाली निघून गेले. मला मात्र आनंद आवरेना. मामांनी एवढा घाट घातला तो फळाला आला होता. मी त्यांचा हात धरून अभिनंदन केलं. त्यांनी हात सोडवून घेतला आणि आत जाऊन पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडले. मी पुन्हा गोंधळात.

दसऱ्याच्या आधी एका दुपारी खोलीचा ताबा द्यायला मी मामांबरोबर माझगावला गेलो. सामान आधीच हलवलं होतं. रिकामी खोली इतकी लहान असेल असं मला वाटलं नव्हतं. मालकाचा माणूस खाली वाट बघत होता. मामांनी दार, खिडकी, मोरीचा कठडा असं सगळीकडे हात लावून पाहिलं आणि एका कोपऱ्यात जाऊन भिंतीला टेकून जमिनीवर बसले. "इथं जन्मलो," म्हणाले. "आई इथं गेली. बाप इथं गेला." मी म्हटलं, "मामा, उठायचं ना?"

"जावईबापू, हिचं मन लागत नाही, हिचं मन लागत नाही, असं मी गावभर सांगत सुटलो," मामा म्हणाले. "ती राजापूरहून या खोलीत आली तेव्हा इथल्या एका माणसाला ओळखत नव्हती. महिन्याभरात अख्ख्या मजल्याची झाली. तिला येतं ते. बायकांना यावंच लागतं. मी साठ वर्षांचा होईपर्यंत कधी कुणाच्या घरी नांदायला गेलो नव्हतो हो." आणि तो गोदीतला म्हातारा गुडघ्यात डोकं घालून रडला. मी काय करणार होतो? माझ्याही डोळ्यांना पाणी आलं. त्यांच्या शेजारी, धुळीत, तसाच बसून राहिलो. किल्ली शेवटी त्यांच्या मुठीतून मीच सोडवली आणि मालकाच्या माणसाला दिली.

वाशीला उतरून आम्ही घरी आलो. मामी बिल्डिंगच्या पायरीवर मुकादमांच्या मंडळींशी बोलत बसल्या होत्या. त्यांनी मामांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि उठल्या. कधी चारचौघांत नवऱ्याला हात न लावणाऱ्या बाई, पण त्यांनी मामांचा हात धरला. "पहिले काही दिवस रडू येतं," त्या म्हणाल्या. "संध्याकाळचं जास्त येतं. मग होते सवय. चला वर." मामा लहान मुलासारखे त्यांच्या मागून जिना चढून गेले.

त्यानंतर मामा पुष्कळ वर्षं आमच्या डोक्यावर राहिले आणि तिथूनच गेले. त्यांना सवय झाली होती का, हे मला कळलं नाही. विचारायला म्हणून मी कितीदा तरी वर गेलो, आणि दर वेळी ते हातात एक कुंडी ठेवून म्हणायचे, "ही घेऊन जा, तुमची नात आहे."